अर्धशक्ती कोणाची? : हृद्रुग्णाच्या व्यायाममात्रेविषयी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत चिकित्सालय चालविणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना गेल्या काही वर्षांत एक नवा रुग्णवर्ग चांगलाच परिचयाचा झाला आहे. हा रुग्ण नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून आलेला असतो. पूर्वी हा उपचार श्रीमंतांचा मानला जाई. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे चार एकरांचा कोरडवाहू शेतकरीही आता तो करवून घेऊ शकतो, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु गावी परतल्यावर त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर त्याच्याजवळच्या कागदांत बहुधा सापडत नाही. औषधांची पिशवी व जाड फाइल आपल्या टेबलावर ठेवून तो विचारतो, "आता चालावं किती? शेतात जावं का? मोटारीचं बटन दाबायला विहिरीपर्यंत गेलं तर चालतंय का?" फाइलीच्या अखेरच्या पानावर व्यायामाविषयी दोनच शब्द असतात : रोज चालणे.

किती वेळ, कोणत्या गतीने, कोणते लक्षण दिसताच थांबावयाचे, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिणारे वैद्यकशास्त्र व्यायामाची मात्रा मात्र रुग्णाच्या अंदाजावर सोडून देते, हा विरोधाभास नव्हे काय? मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत हृद्रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालविले जाते, छातीला तारा जोडून त्याचा आलेख समोर पाहिला जातो, आणि पाहणारा प्रशिक्षित मनुष्य हाताच्या अंतरावर उभा असतो. आपल्या खेड्यातील रुग्ण पहाटे एकटाच कालव्याच्या कडेने चालतो. त्याच्याबरोबर कोणी असेलच तर ते आपण दिलेले चार शब्द. म्हणून ते चार शब्द तपासून घेण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले आहे : अर्धशक्तीने व्यायाम करा, कपाळावर घाम आला की थांबा. मीही अनेक वर्षे हेच सांगत आलो. हे उत्तर शास्त्रोक्त आहे, सुटसुटीत आहे आणि रुग्णाला पटकन समजते. परंतु एका रुग्णाच्या बाबतीत या उत्तराने मला जो धडा दिला, तो येथे सांगणे माझे कर्तव्य समजतो.

वसमत तालुक्यातील हळद पिकविणारे एक साठ वर्षांचे गृहस्थ हृदयविकाराचा झटका व त्यानंतरची अँजिओप्लास्टी होऊन महिन्याभराने माझ्याकडे आले. मेटोप्रोलॉल, ॲस्पिरिन व इतर औषधे नियमित चालू होती. मी त्यांना अर्धशक्तीचे लक्षण समजावून दिले. आधुनिकांचेही मत विचारात घेतल्याचे समाधान मिळावे म्हणून वयाच्या सूत्रावरून आकडेमोड करून नाडी १२० च्या वर जाऊ देऊ नये असेही सांगितले. त्यांचा मुलगा शाळेत शिक्षक. तो सकाळी वडिलांबरोबर चाले व घड्याळ लावून नाडी मोजे. महिना पौषाचा होता. थंडी कडक, हवा कोरडी. काही दिवसांनी ते माझ्याकडे आले ते चेहऱ्यावरचा रंग उडालेल्या अवस्थेत. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घामच येईना, म्हणून जरा पाय उचलला. उर भरल्यावानी झाला. पोरानं नाडी पाहिली तर शहाण्णवच. म्हटलं अजून लई जागा हाय." छाती भरून आल्यावरही ते आणखी काही अंतर चालले होते. सुदैवाने त्यांना वेळेत पुन्हा रुग्णालयात नेता आले, दुसऱ्या एका वाहिनीतील अडथळा सापडला आणि तो दूर करण्यात आला. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. रुग्णाने माझे सांगणे अक्षरशः पाळले होते; दोष त्या सांगण्यात होता.

तो दोष कोठे होता हे शोधण्यासाठी मी प्रथम ग्रंथच उघडले, आणि मला जे दिसले ते मी विद्यार्थिदशेतही वाचले होते, परंतु पाहिले नव्हते. सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे लक्षण सांगितले आहे ते चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात. हृदयस्थानी असलेला वायू व्यायाम करताना मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे मनुष्य तोंडाने श्वास घेऊ लागला, की निम्मे बल खर्ची पडले असे समजावे, असा त्याचा आशय आहे. काख, कपाळ, नाक व सांध्यांवर घाम आणि मुखशोष ही लक्षणेही त्याच संदर्भात आपण शिकतो. परंतु त्या अध्यायाचे नाव काय? अनागताबाधाप्रतिषेध. अद्याप न आलेल्या पीडेचा प्रतिबंध हा त्याचा विषय. म्हणजे हे लक्षण स्वस्थाचे. वाग्भटाचार्यांनी अर्धशक्तीचा विधी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सांगितला तोही दिनचर्येच्या अध्यायात, आणि तेथे तर त्यांनी शंकेला जागाच ठेवलेली नाही. अर्धशक्तीने व्यायाम करावा तो बलवानांनी व स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी, तोही शीतकाळी व वसंतात. अन्य वेळी मंदच. आपण या विधानातील "अर्धशक्ती" तेवढी उचलली आणि "बलवानांनी" हा शब्द तेथेच ठेवून आलो. अर्धशक्ती ही बलवानाची वरची मर्यादा आहे. ती दुर्बलाची मात्रा नव्हे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाची जी लक्षणे अनेक प्रतींत आढळतात, त्यांत घाम, श्वासवृद्धी व गात्रलाघव यांच्याबरोबर हृदयादींचा उपरोध हेही एक लक्षण आहे. निरोगी तरुणाला सूर्यनमस्कार घालताना उराशी जो भराव जाणवतो, तो हा. परंतु ज्याच्या हृदयाची वाहिनी एकदा बंद पडली आहे, त्याच्या बाबतीत छातीचा उपरोध हे व्यायाम झाल्याचे लक्षण मानणे म्हणजे संकटाच्या घंटेला आरतीची घंटा समजणे होय. माझ्या रुग्णाने नेमके हेच केले, आणि तसे करू नये हे मी त्याला सांगितले नव्हते.

त्याच अध्यायात भार वाहून व वाट चालून कृश झालेल्यांनी, तसेच क्रोध, शोक व भय यांनी ग्रासलेल्यांनी व्यायाम वर्ज्य करावा असेही सांगितले आहे. झटका येऊन गेलेल्या मनुष्याच्या मनात रात्रंदिवस दुसरे काय असते? आणि चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या, त्रिमर्मीय अध्यायात हृद्रोगाची कारणे सांगताना आचार्यांनी यादीच्या आरंभीच व्यायामाचे नाव घेतले आहे. अतिमात्र व्यायाम हा अर्थ तेथे उघड आहे. म्हणजे जे द्रव्य हृद्रोगाचा हेतू आहे तेच आपण हृद्रुग्णाला औषध म्हणून देत आहोत. असे देणे चूक नाही. विषद्रव्येही आपण योग्य शोधन करून योग्य मात्रेत देतोच. पण बचनाग देताना आपण जी सावधगिरी बाळगतो, ती "रोज चाला" म्हणताना बाळगतो काय?

आता आधुनिक मापाकडे वळू, कारण माझी अर्धी चूक तेथेही होती. २२० मधून वय वजा करून हृदयाची कमाल गती काढण्याचे सूत्र सर्वांना पाठ आहे. फिनलंडमधील कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये दाखविलेल्या रीतीने कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करावयाची, उरलेल्या राखीव गतीचा ठराविक हिस्सा घ्यावयाचा आणि तो विश्रांतीच्या गतीत मिळवावयाचा. माझ्या रुग्णाचे वय ६०, म्हणून कमाल गती १६०. विश्रांतीची नाडीही ६०. राखीव १००, तिचे ६० टक्के ६०, बेरीज १२०. हिशेब निर्दोष, परंतु ज्या मनुष्यासाठी तो केला तो मनुष्य या हिशेबात नव्हताच. तो मेटोप्रोलॉल घेत होता. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, कार्व्हेडिलॉल ही औषधे हृदयाची गती विश्रांतीत तर उतरवतातच, पण श्रमातही तिला वर चढू देत नाहीत. ते त्यांचे कार्यच आहे. दुसऱ्या उपचारानंतर या गृहस्थांची रुग्णालयात श्रमचाचणी झाली, तेव्हा सर्व शक्ती लावूनही त्यांची गती ११६ च्या वर गेली नाही. मी घालून दिलेली १२० ची "मर्यादा" त्यांना आयुष्यात कधीच गाठता आली नसती. जी वेस गाठताच येत नाही, ती अडवणार कोणाला? खऱ्या कमाल गतीवरून हिशेब केला तर राखीव गती ५६ येते, आणि तिचा ४० ते ६० टक्के हिस्सा घेतला तर चालतानाची नाडी ८२ ते ९४ यांच्या दरम्यान असावयास हवी.

यावरून पहिला व्यवहार्य मुद्दा निघतो. रुग्ण गतिरोधक औषध घेत असेल तर वयाचे सूत्र वापरू नये. श्रमचाचणी झाली असेल तर तिचा कागद मागून घ्यावा आणि त्यातील गाठलेली गती हाच पाया धरावा. चाचणीत एखाद्या विशिष्ट गतीला छातीत दुखू लागले असेल अथवा आलेखात रक्तपुरवठा अपुरा पडल्याची खूण दिसली असेल, तर त्या गतीच्या किमान दहा ठोके खालीच रुग्णाला ठेवावयाचे असते. चाचणी झालीच नसेल, आणि आपल्याकडील पुष्कळांची ती झालेली नसते, तर सुरुवातीच्या काळात विश्रांतीच्या नाडीपेक्षा वीस ठोके अधिक, ही झटक्यानंतरच्या रुग्णासाठी रूढ असलेली सावध मर्यादा पाळावी. हृदयाची खुली शस्त्रक्रिया झालेल्यांना तीस. या मापाने माझ्या रुग्णाची मर्यादा ८० होती. त्याची नाडी ९६ झाली तेव्हा तो "अजून लई जागा हाय" असे म्हणत होता!

नाडी मोजण्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. नाडीपरीक्षा हा आपला अभिमानाचा विषय. सर्प, मंडूक व हंस यांच्या गती ओळखण्यात आपण आयुष्य घालवितो. परंतु ठोके मोजण्यासाठी घड्याळाकडे पाहणे आपल्याला जरा कमीपणाचे वाटते, हे मान्य करावयास हवे. येथे गतीचा स्वभाव नव्हे, गतीची संख्या हवी आहे. चालणे थांबताच नाडी झपाट्याने उतरू लागते, म्हणून थांबल्याबरोबर पहिल्याच पंधरा सेकंदांतील ठोके मोजून चौपट करावे लागतात. एक मिनिटभर दम खाऊन मोजलेली नाडी ही विश्रांतीकडे परतणारी नाडी होय, श्रमाची नव्हे. अंगठ्याने मोजू नये. ठोके अनियमित पडत असतील तर पंधरा सेकंदांची गणना फसविते. अशा रुग्णाला आधी हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि पुढेही त्याच्या बाबतीत संख्येपेक्षा श्रमाच्या जाणिवेवर भर द्यावा.

ही श्रमाची जाणीव हाच माझ्या मते आपल्या हाती असलेला सर्वांत उपयुक्त मापदंड आहे, आणि तो वैद्याच्या स्वभावाला सर्वांत जवळचा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी १९६० च्या दशकात रुग्णालाच त्याचे श्रम किती भासतात ते विचारण्याची पद्धत बांधली. त्यांची श्रेणी ६ पासून २० पर्यंत जाते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याहून अधिक शक्य नाही. हे विचित्र आकडे का, तर निरोगी तरुणाच्या हृदयगतीशी, म्हणजे ६० ते २०० ठोक्यांशी, त्यांचा साधारण मेळ बसावा म्हणून. ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे काहीसे जड, १५ म्हणजे जड. हृद्रुग्णांना सामान्यतः ११ ते १३ या पट्ट्यात चालविले जाते. औषधाने नाडी दाबून ठेवली असली तरी जाणीव बरीचशी शाबूत राहते, हा या मापाचा मोठा गुण. मात्र हे आकडे आपल्या रुग्णाला पाठ करवून उपयोग नाही. त्याची स्वतःची श्रेणी त्याच्या बोलीतच आहे. "अंग मोकळं झालं", "जरा दम लागला", "धाप लागली", "उर भरला" या चार पायऱ्या आपल्या भागातील प्रत्येक शेतकरी बिनचूक ओळखतो. पहिली पायरी ही मात्रा, दुसरी ही सीमा. तिसरीला गती कमी करावयाची. चौथीला जेथे असेल तेथे बसावयाचे.

याला जोड म्हणून बोलण्याची परीक्षा सांगितली जाते. चालता चालता सहज बोलता येते पण गाता येत नाही, इतके श्रम मध्यम समजावेत. वाक्य तोडून बोलावे लागले तर ते अधिक. संत नामदेवांच्या नर्सीचा हा जिल्हा. येथे ही परीक्षा शिकवावी लागत नाही. मी आता रुग्णाला एवढेच सांगतो की, पहिले महिना-दोन महिने चालताना अभंग चालीवर म्हणता आला पाहिजे. पुढे अभंग म्हणता आला नाही तरी चालेल, पण सोबत्याशी शेतीभातीच्या गप्पा अखंड झाल्या पाहिजेत. गप्पा तुटू लागल्या की पाय आवरावा. एकट्याने चालणाऱ्याला बोलण्यासाठी सोबती लागतो, हाही या परीक्षेचा एक लाभच.

काही सहकारी म्हणतील, आणि काहींनी चर्चेत म्हटलेही आहे, की बोर्ग यांनी नवे काय सांगितले? तोंडाने श्वास येणे हे सुश्रुतांनी कधीच सांगून ठेवले. या अभिमानात सत्याचा अंश आहे. श्रमाचे माप यंत्रावर नव्हे तर श्रम करणाऱ्याच्या देहावरच वाचावे, हा विचार आपल्या आचार्यांचा आहेच. परंतु दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणून आपण रुग्णाचे अहित करतो. वर्षानुवर्षे विडी ओढलेला रुग्ण ओट्यावर बसल्या बसल्याही तोंडाने श्वास घेतो. त्याचे बलार्ध कोठे शोधणार? पंधरा वर्षांचा जुना मधुमेही असेल तर त्याच्या घामाच्या नाड्याच बिघडलेल्या असू शकतात. त्याला छातीत दुखेलच याचीही खात्री नसते. नेहमीच्या अंतरात नेहमीपेक्षा लवकर लागलेली धाप हेच त्याचे एकमेव लक्षण असू शकते. घाम हा ऋतूवर, कपड्यांवर, औषधांवर अवलंबून असतो. पौषातल्या पहाटे तो येतच नाही आणि वैशाखात खाटेवरच येतो. म्हणून हृद्रुग्णासाठी घाम हे प्रमाण मानू नये, असे माझे स्पष्ट मत बनले आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी याच अंकांतून प्रतिवाद करावा. मला त्याचा आनंदच होईल.

मात्रा वाढविण्याच्या बाबतीत मात्र आपल्याला परक्या घरी जाण्याची गरज नाही. शोधनानंतर अग्नी मंद असताना आपण रुग्णाला एकदम पोळी-भाजी देत नाही. पेया, विलेपी, यूष, मग मांसरस, असा संसर्जनक्रम पाळतो. व्यायामाचाही असाच क्रम असावा. आधी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटे, अंगणात वा सपाट रस्त्यावर. मग एका वेळचा अवधी वाढवीत वीस-तीस मिनिटांपर्यंत. आणि अवधी पचल्यावरच गती. दोन्ही एकदम वाढवू नयेत. प्रत्येक वेळी आरंभीची व शेवटची पाच मिनिटे रमतगमत चालण्याची. भरधाव चालून एकदम थांबल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. जेवणावर चालावयाचे नाही. भुक्तवानाला व्यायाम वर्ज्य सांगताना सुश्रुताचार्यांच्या डोळ्यांपुढे जे होते ते आजही तसेच आहे. ताप असताना, पायांवर सूज वाढत असताना, रात्री उताणे झोपवत नसताना किंवा छातीत बसल्या जागी दुखत असताना व्यायामाचा विचारही न करता रुग्णाला रुग्णालयात पाठवावे.

ऋतूचा व कामाचा विचार आपल्या जिल्ह्यात वेगळा करावा लागतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा सर्वांना आनंद झाला. त्या हळदीमागचे श्रम मात्र काढणी, शिजवणी, वाळवणी व पॉलिश असे माघापासून उन्हाळ्यापर्यंत चालतात, आणि ते चालण्याच्या जातीचे नाहीत. पोते उचलताना मनुष्य श्वास कोंडतो; त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो आणि नाडीवरून त्याचा पत्ताही लागत नाही. शिजवणीच्या धगीजवळ उभे राहणे हेच हृदयाला काम असते, कारण उष्णतेत तेवढ्याच श्रमाला ठोके अधिक पडतात. "रोज अर्धा तास चालतो, मग पोतं उचलायला काय हरकत?" हा प्रश्न मला दर हंगामात ऐकू येतो. चालण्याची तयारी ही भार उचलण्याची तयारी नव्हे, हे त्याला समजावणे सोपे नाही, कारण घरात दुसरा गडी नसतो. तरी सांगावे लागते. निदान पहिल्या हंगामात त्याने वजन-काट्याजवळ बसून हिशेब सांभाळावा.

औषधविक्रेते बंधूंसाठी दोन शब्द. माझ्याकडे किंवा हृद्रोगतज्ज्ञाकडे हा रुग्ण महिन्या-दोन महिन्यांनी येतो, परंतु आपल्या दुकानाची पायरी तो दरमहा चढतो. त्याच्या पिशवीत गतिरोधक गोळी आहे हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ती पुढल्या महिन्यात त्याने घेतली नाही, तर तेही प्रथम आपल्याच लक्षात येते. ही गोळी एकाएकी बंद केल्यास हृदय उसळी घेते, छातीत दुखणे वा झटका उद्भवू शकतो. "आता अर्जुनारिष्ट चालू केलं, ती गोळी कशाला?" असे म्हणणारा रुग्ण आपल्यापुढे उभा राहिला तर त्याला थांबवा. अर्जुन आपल्या जागी, ती गोळी तिच्या जागी. दुसरे असे की, दम्यासाठी मागितल्या जाणाऱ्या ज्या कल्पांत सोमलता असते, ते नाडी व रक्तदाब दोन्ही वाढवितात. हृद्रुग्णाला ते परस्पर देऊ नयेत. आणि जिभेखाली ठेवावयाची गोळी देताना ती बसून घ्यावयाची, उभ्याने नव्हे, व चालण्यास निघताना खिशात असावयाची, एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ होईल. गोळीने व विश्रांतीने पाच मिनिटांत छातीचा भार उतरला नाही तर १०८ ला दूरध्वनी, हेही त्याच वाक्यात.

एक आक्षेप उरतो. हा आपला प्रांत आहे काय? हृद्रोगतज्ज्ञाचे रुग्ण, त्यांनीच पाहावे, असे म्हणणारे सहकारी आपल्यातही आहेत. त्यांची भीती मला समजते. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर काही महिने मीही तसाच वागलो. परंतु रुग्ण चालणे थांबवीत नाही, तो फक्त आपल्याला विचारणे थांबवतो. भारतातील २४ केंद्रांत, झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा जो मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांत तेरा सत्रे, सौम्य आसने, श्वसन व ध्यान, असे त्याचे स्वरूप होते. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या काही व्याख्यानांत ते गाळले जाते. परंतु रुग्णांनी स्वतः सांगितलेले आरोग्य आणि पूर्वीच्या कामांकडे परतणे, या दोन्हींत लाभ दिसला. मंद मात्रेचेही फळ मिळते, आणि खर्चिक यंत्रांवाचून ते देता येते, एवढे त्यातून आपल्यासारख्यांनी घ्यावे. औषधांत ढवळाढवळ न करता, तज्ज्ञाचा कागद समोर ठेवून, व्यायामाची मात्रा मोजून देणे हे मी आपले कामच समजतो.

माझ्या त्या रुग्णाला मी पुढे शंभर पानी वही करावयास सांगितली. रोजची एक ओळ : निघण्यापूर्वीची नाडी, थांबताक्षणीची नाडी, मिनिटे, आणि त्याच्या शब्दांत श्रम. मुलगा लिहितो. आषाढीसाठी शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जाते. पहिल्या वर्षी त्यांनी पालखीबरोबर जाण्याची परवानगी मागितली तेव्हा मी ती दिली नाही, आणि ते माझ्यावर रागावले. दुसऱ्या वर्षी वहीतील चार महिन्यांच्या ओळी पाहून मी एका सकाळचा टप्पा मान्य केला : उजाडताच निघावयाचे, दिंडीच्या शेवटच्या रांगेत राहावयाचे, पखवाज द्रुत लयीत गेला तरी पाय त्या लयीत टाकावयाचे नाहीत, गोळी खिशात, आणि ऊन चढण्यापूर्वी मागच्या गाडीत बसावयाचे. परत आल्यावर ते वही घेऊन आले. त्या तारखेपुढे थांबताक्षणीच्या नाडीचे तीन आकडे होते : ८४, ८८, ८६. शेवटच्या रकान्यात मुलाच्या अक्षरात लिहिले होते, "अभंग म्हणत चालले."